एकशे पन्नास पावलं

ते साल एकोणीसशे त्रेसष्ट. नदीला पूर आला तो त्याच वर्षी, मी शहरात जाऊन धावले ती त्याच वर्षी, आणि आमच्या घरातल्या दोन स्वयंपाकघरांमधलं दार खिळे मारून बंद झालं तेही त्याच वर्षी. मी तेरा वर्षांची होते. आई एकेचाळीस.

आई शाळेत गणित शिकवायची आणि खेळ घ्यायची. सगळं गाव तिला बाई म्हणायचं. उंच, हाडापेरानं रुंद, पोटऱ्या दगडासारख्या. पहाटे उठून नदीवर जायची, काळ्या खडकावरून पाण्यात सूर मारायची, पलीकडच्या काठाला हात लावून परत यायची आणि ओल्या केसांनी शाळेत पोचायची. छपराखाली तिला करमायचं नाही. वह्या तपासायची ती पायरीवर बसून, जेवायची ती मागच्या दारात उभी राहून.

"घर कशाला बांधलं आपण, एवढं एकदा तुझ्या आईला विचार," वडील मला म्हणायचे.

"तुम्हाला झोपायला," आई दारातूनच उत्तर द्यायची.

तिचं एक मोजायचं पाऊल होतं. शिक्षिकेचं प्रशिक्षण घेताना तिथल्या मास्तरांनी मीटर-मीटरवर गाठी मारलेली दोरी जमिनीवर अंथरून तिला चार महिने सकाळ-संध्याकाळ चालवलं होतं. ते पाऊल पायात बसलं ते बसलं. एरवीची तिची चाल निराळी. मोजायचं असलं की ती हनुवटी वर करायची, हात अंगाला लावायची आणि कमरेतून पाय टाकत निघायची. एक पाऊल म्हणजे एक मीटर, तसूभर इकडं नाही की तिकडं नाही. शाळेच्या मैदानावरचे चुन्याचे पट्टे त्याच पावलानं आखलेले असायचे. कुणाला कुंपण घालायचं असो, गोठा बांधायचा असो, लोक आईला बोलवायचे. दुकानदार कापड मोजायचा तेव्हा गिऱ्हाईक गजावर नजर ठेवून असायचं. आई चालायची तेव्हा कुणी बघतसुद्धा नसे, आकडा ऐकायचे आणि खुंटी ठोकायचे.

पूर पावसाळ्याच्या शेवटी आला आणि तीन दिवस राहिला. खालच्या आळीतल्या भिंती बसल्या. शाळेच्या कोठीत गुडघाभर पाणी शिरलं, त्यात मैदान मोजायची कापडी फीत कुजून गेली. ती उचलली तर हातात तुकडे आले. शेतांमध्ये वीतभर गाळ बसला. काळा, मऊ, पायाखाली लोण्यासारखा. आणि बांधाचे दगड गेले.

नदीकाठाला आमचं शेत आणि लोहारणीचं शेत एकमेकांना लागून होतं. आमचं शेत वडील आणि थोरले काका मिळून करायचे. थोरले काका म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, घर एकच, चुली दोन. लोहार दोन वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्यानं गेला होता. तेव्हापासून लोहारीण स्वतः घण मारायची आणि तिची मुलगी भाता ओढायची. मुलगी माझ्याच वर्गात होती. बारीक, काळीसावळी, एका जागी न ठरणारी. तिला सगळे ठिणगी म्हणायचे. शाळेतला लोखंडी गोळा तिच्या बापानं घडवलेला, आईच्या सांगण्यावरून, पैसे न घेता.

दोन्ही शेतांच्या मधोमध बांध होता, आणि बांधाजवळ, लोहारणीच्या बाजूला, एक मोठं झाड होतं. दुपारी ती त्याखाली बसून डबा खायची. पुरानं ते झाड मुळासकट नेलं. खड्डा तेवढा राहिला.

पूर ओसरल्यावर वडिलांनी आईला बजावलं, "आठ दिवस नदीत उतरायचं नाही. तळ काय झालाय कुणाला माहीत."

आई चौथ्या दिवशी गेली. मी पंचा घेऊन काठावर बसले होते. तिनं काळ्या खडकावरून नेहमीसारखा सूर मारला. वर आली तेव्हा पलीकडं गेली नाही. खडकाला धरून पाण्यातच राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "हात दे."

गाळात एक ओंडका रुतला होता. तिचा उजवा खुबा त्यावर आपटला होता. घरी पोचेपर्यंत तिथली कातडी वांग्याच्या रंगाची झाली.

"घरी बोलायचं नाही," ती म्हणाली.

"दुखतंय?"

"बोलायचं नाही म्हटलं ना."

पुढचे पंधरा दिवस ती संध्याकाळी आतल्या खोलीत दार लावून वह्या तपासायला बसायची. मी चुलीत तापलेली वीट फडक्यात गुंडाळून आत न्यायचे. वडिलांना वाटलं, बाईसाहेबांना अखेर छप्पर आवडायला लागलं. मागच्या अंगणात कुणी नसताना ती चालण्याचा सराव करायची. भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत. आधी लंगडायची. मग लंगडणं थांबलं. लंगडणं लपवायला तिनं पायाला काय शिकवलं, ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही.

शहरातल्या शालेय स्पर्धांना सहा आठवडे राहिले तेव्हा मैदान वाळलं. आईनं चुन्याची बादली घेतली, हनुवटी वर केली आणि शंभर पावलं चालून पट्टे आखले. फीत असती तर ती दरवर्षीप्रमाणे एकदा लावून पाहिली असती. फीत नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "बाई असताना फीत हवी कशाला?"

आम्ही धावलो. आई शेवटच्या रेषेवर शाळेचं घड्याळ घेऊन उभी होती. पूर यायच्या आधी मी शंभर मीटर पंधरा पूर्णांक एक सेकंदात धावायचे. त्या दिवशी चौदा पूर्णांक एक. ठिणगी तेरा पूर्णांक नऊ.

आईनं घड्याळ कानाला लावलं. मग म्हणाली, "पुन्हा धावा."

पुन्हा तेवढंच आलं. हेडमास्तर शाळेच्या व्हरांड्यातून जवळजवळ धावत आले. शहरातला मुलींचा विक्रम चौदा पूर्णांक चार होता, तो त्यांना पाठ होता.

"बाई, हे काय खायला घातलंत पोरींना?"

"काही नाही," आई म्हणाली.

"पुरात पोहून पोहून दम वाढला म्हणायचा!" असं म्हणून ते स्वतःच हसले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुकानदारानं मला मूठभर खारे दाणे फुकट दिले. घरी काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आई मात्र रात्रीच्या जेवणाला दारात उभी न राहता खाली बसली, आणि तिनं माझ्याकडं दोनतीनदा पाहिलं. मला वाटलं, कौतुकानं.

तोवर गाळ पेरणीजोगा झाला होता. मोजणीवाल्याला शहरात निरोप गेला, त्यानं तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. तीन महिन्यांत वाफसा उडून गेला असता. काका आणि लोहारीण बांधावर, म्हणजे बांध होता त्या अंदाजाला, समोरासमोर उभे राहिले.

"कागदावर स्पष्ट आहे," काका म्हणाले. "काळ्या खडकापासून एकशे पन्नास मीटर तुझं. पुढचं आमचं."

"मग खडक आहे, बाई आहेत. मोजणीवाला कशाला पाहिजे?"

"बाई आमच्या घरातली आहे. उद्या म्हणशील, घरच्यांसाठी ओढून मोजलं."

"तुमच्या घरातली असेल," लोहारीण म्हणाली. "पाऊल सगळ्या गावाचं आहे. ते जिथं थांबेल तिथं माझा बांध."

रविवारी सकाळी आई खडकाला टाच लावून उभी राहिली. मी मागं खुंटी आणि दगड घेऊन. वडील, काका, लोहारीण, ठिणगी, आणि रिकामे असलेले चार लोक. काका गमतीनं म्हणाले, "धाकटे, पाऊल जपून टाक, नाहीतर आमचं शेत नदीपार जायचं."

आई निघाली. गाळ दाबला जाण्याचा आवाज आणि तिचं मोजणं. एकशे वीसच्या सुमारास ती एकदा थांबली. तिच्या मानेवर घाम होता, तेव्हा ऊन नव्हतं. मग पुढं गेली. एकशे पन्नास.

ती थांबली तेव्हा झाडाचा खड्डा तिच्या मागं असायला हवा होता. तो पुढं होता, चारपाच पावलं.

लोहारणीनं खड्ड्याकडं पाहिलं. मग आईच्या पायांकडं. मग कपाळावर हात मारून हसली. "घ्या! म्हणजे इतकी वर्षं मी तुमच्या झाडाखाली बसून जेवत होते की काय! भाडं मागू नका हं."

चौघे हसले. काका हसले नाहीत, ते दगड पुरायला लागले. आई खड्ड्याकडं बघत होती.

"बाई, ठोकू ना?" वडिलांनी गमतीत विचारलं. घरात ते तिला बाई म्हणत नसत.

"ठोका," आई म्हणाली.

आठ दिवसांत दोन्हीकडं गहू पेरला गेला. गाळात तो बघता बघता वर आला. बोटभर झाला तेव्हा आम्ही शहरात गेलो.

शहरातलं मैदान मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. बाकं, मंडप, कर्णा. हेडमास्तरांनी नवा कोट घातला होता आणि मिठाईचा पुडा बरोबर घेतला होता. जिंकल्यावर पंचांना वाटायचा म्हणून. बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या शाळेच्या मास्तरांना ते सांगत होते, "आमच्या दोघी आहेत. विक्रम मोडतील. एक नाही, दोघीही."

ठिणगी आणि मी एकाच शर्यतीत होतो. सुटलो ते बरे सुटलो. अर्ध्यापर्यंत पुढून दुसऱ्या-तिसऱ्या. आणि मग शेवटाला अशी एक जागा आली, जिथं माझ्या अंगानं ठरवलं की झालं. दोरी अजून पुढं होती. पाय चालले होते, छाती थांबली होती. बाजूनं एकेक पोरगी पुढं जाताना दिसली. मी सहावी आले. ठिणगी कशीबशी तिसरी.

"मला वाटलं कुणीतरी दोरी घेऊन मागं मागं चाललंय," ती गवतावर पालथी पडून म्हणाली. तिच्या नाकातून पाणी वाहत होतं.

माझी वेळ पंधरा. तिची चौदा पूर्णांक आठ. कर्ण्यावरून सांगितलं.

हेडमास्तर उठून पंचांकडं गेले, काहीतरी बोलले, परत आले. एक पंच त्यांच्या मागोमाग आला. वयस्कर, सभ्य माणूस. आईला म्हणाला, "बाई, रागावू नका, पण तुमच्या शाळेचं घड्याळ एकदा दाखवून घ्या. असं होतं कधी कधी, मागं पडतं."

शेजारचे मास्तर दुसरीकडं तोंड करून हसले.

"तेच, तेच," हेडमास्तर म्हणाले. "पुरात भिजलं असणार."

"घड्याळ बरोबर आहे," आई म्हणाली.

परतीच्या गाडीत मिठाईचा पुडा हेडमास्तरांच्या मांडीवर होता. दोरीची गाठ सुटली नव्हती. मी खिडकीला डोकं लावून रडत होते. आईचा हात उजव्या खुब्यावर होता. तो तिनं गाव येईपर्यंत काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच तिनं मला उठवलं. आम्ही नदीवर गेलो नाही, शाळेत गेलो. तिनं वर्गातून लाकडी मीटरपट्टी आणली. फळ्यावर रेघा मारायला आणि पोरांच्या हातावर मारायला वापरतात ती. एवढे दिवस ती तिथंच खिळ्याला टांगलेली होती. कुणाला तिची आठवण झाली नव्हती. कारण कुणाला शंकाच नव्हती.

सुरुवातीच्या रेषेपासून ती पट्टी ठेवायची, मी टोकाला खिळ्यानं खूण करायचे, ती पट्टी पुढं न्यायची. असं करत शेवटच्या रेषेला पोचलो.

चौऱ्याण्णव.

आई मैदानाच्या दगडी रोलरवर जाऊन बसली. पाय लांब केले आणि त्यांच्याकडं पाहत राहिली, जसं एखाद्या विद्यार्थ्याकडं पाहायची.

"सहा सेंटीमीटर," ती म्हणाली. "प्रत्येक पावलाला."

मी म्हटलं, "म्हणजे मी चौदा-एकमध्ये धावलेच नाही."

"नाही."

"तुला तेव्हा कळलं नाही?"

शिपाई फाटक उघडत होता. "कळलं होतं," ती म्हणाली. "महिन्याभरात एक सेकंद कुणाचा कमी होत नाही. पण आकडा आवडला. म्हणून गप्प बसले."

मग चपलेनं तिनं चुन्याची रेषा पुसली. "हे पुसता येतं," एवढंच म्हणाली. आणि मला खड्डा आठवला.

त्या संध्याकाळी दोन स्वयंपाकघरांमधलं दार उघडं होतं. काका अलीकडं येऊन वडिलांशी खताचं बोलत बसले होते. आई उभी होती.

"भावजी, बांध चुकलाय. नऊ मीटर. लोहारवहिनींचे नऊ मीटर आपल्याकडं आलेत."

काकांनी तिच्याकडं पाहिलं नाही. वडिलांना म्हणाले, "हिला काय झालं? पोरगी हरली म्हणून डोकं फिरलं का?"

आईनं खुब्याचं सांगितलं. नदीचंही सांगितलं. वडिलांनी हातातला पेला खाली ठेवला. "मी नको म्हटलं होतं," ते म्हणाले.

"म्हटलं होतं."

"पंधरा दिवस वीट शेकत होतीस आणि मी तुझी चेष्टा करत होतो."

"हो."

काकांना यातलं काही ऐकायचं नव्हतं. "हे बघ धाकटे. पेरून झालंय, उगवून आलंय. ती बाई काही बोललेली नाही. कुणी विचारलंय का तुला?"

"कुणी विचारणार नाही. म्हणून तर सांगतेय."

"मोजणीवाला येईल तेव्हा बघू."

"आता बांध घातलाय म्हणून त्यालाही नको कळवलंत तुम्ही."

"मग? चारचौघांत मोजलंय!"

"झाड त्यांचं होतं, भावजी. तुम्ही पन्नास वर्षं बघताय. तुम्हाला माहीत होतं."

काका उठले. "मी मोजलं नाही," ते म्हणाले. "तू मोजलंस."

हे खरं होतं, आणि आईनं मान हलवली. काका दारात थांबून म्हणाले, "उद्या गावाला सांगशील की पाय अधू झालाय, तर पुढं काय होईल कळतंय ना? खेळाची बाई म्हणून ठेवतील तुला? लंगडी?"

"लंगडत नाही मी," आई म्हणाली. मग म्हणाली, "लंगडले असते तर बरं झालं असतं. लोकांना दिसलं तरी असतं."

वडील रात्री तिला म्हणाले, "मी मोजतो पट्टीनं. तू नुसती उभी राहा." ती नको म्हणाली. शनिवारी ती लोहारणीकडं गेली. भट्टी पेटलेली होती, ठिणगी भाता ओढत होती. आईनं तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. लोहारीण तापलेलं लोखंड ऐरणीवर धरून ऐकत राहिली, ते काळं पडेपर्यंत.

"मग आता?" तिनं विचारलं.

"उद्या पुन्हा मोजते. या."

रविवारी तेच लोक आले, आणखी वीसेक वाढले. हेडमास्तरही आले. आईनं खडकाला मीटरपट्टी लावली आणि वाकली. मी खूण केली. ती उठली, पट्टी पुढं नेली, वाकली. चालण्यापेक्षा हे वेगळं होतं. प्रत्येक मीटरला वाकायचं आणि उठायचं. एकशे पन्नास वेळा. तिसाव्या वेळी ती उठताना डावा हात मांडीवर टेकायला लागली. साठाव्या वेळी उजवा पाय ओढायला लागली. सगळ्या गावासमोर, प्रथमच. पोरं आईचा पाय बघत होती आणि मी खिळ्याचं टोक.

शंभर झाले तेव्हा लोहारीण पुढं आली. "पुरे, बाई. उठा आता. मला पटलं."

आई गुडघ्यावर होती. तिथूनच म्हणाली, "तुम्हाला तेव्हाही पटलं होतं, वहिनी."

लोहारीण मागं सरली.

एकशे एक्केचाळीसला आम्ही दगडापाशी पोचलो. पुढं आमचा गहू होता, आणि गव्हात काका उभे होते. आईनं पट्टी गव्हाच्या ओळीत घातली. एकशे बेचाळीस. एकशे त्रेचाळीस. एकशे शेहेचाळीसला आम्ही झाडाचा खड्डा मागं टाकला. शेवटची पट्टी काकांच्या पायाशी आली. ते हलले नाहीत.

"भावजी, पाय," आई म्हणाली.

वारा होता, गहू हलत होता. वडील माझ्या मागून चालत आले आणि काकांच्या शेजारी उभे राहिले. काकांनी पाय उचलला.

वडिलांनी जुना दगड उपटून आणला आणि तिथं पुरला. लोहारीण म्हणाली, "पेरलंय तुम्ही, कापा तुम्हीच."

"जमिनीबरोबर पीक," आई म्हणाली.

त्या दुपारी काकांनी बैल सोडले. संध्याकाळी त्या पट्ट्यात खुरांच्या खुणा आणि बुडखे उरले होते. लोहारणीनं दुसऱ्या दिवशी तो नांगरला आणि त्यात वाटाणा लावला. तिनं त्याबद्दल गावात कुणाकडं तोंड उघडलं नाही. त्याच आठवड्यात पलीकडच्या स्वयंपाकघरातून दारावर खिळे ठोकल्याचा आवाज आला. सहा खिळे. आई पायरीवर वह्या तपासत होती, तिनं मोजले असणार.

सोमवारी हेडमास्तरांनी तिला खोलीत बोलावलं होतं. तिनं घरी येऊन सांगितलं ते इतकंच. ते म्हणाले, बाई, तुम्ही केलंत ते योग्यच केलंत, पण पालक विचारायला लागलेत. तिनं शिट्टी, घड्याळ आणि कोठीची किल्ली टेबलावर ठेवली. खेळाला नवे मास्तर आले, ते सावलीत खुर्ची टाकून शिट्टी वाजवायचे. आईला तिसरीच्या वर्गाचं गणित मिळालं. त्या वर्गाच्या खिडक्या मैदानाकडं होत्या. तिनं बाकं अशी फिरवली की पाठ तिकडं व्हावी, तिची.

महिन्याभरानं ठिणगी आमच्याकडं आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेला लोखंडी गज होता. दोन्ही टोकं घासून सपाट केलेली, दर दहा सेंटीमीटरवर छिन्नीची खूण.

"आईनं दिलाय. म्हणाली, बाईंना सांग, याला पूर लागत नाही आणि याचं वयही होत नाही."

आईनं तो हातावर तोलला. मीटरपट्टीशी लावून पाहिला. मग हसली. शहराहून आल्यापासून पहिल्यांदा. "तुझ्या आईला सांग, जड आहे."

"ती म्हणाली, तुम्ही असंच म्हणाल."

पुढच्या वर्षी नव्या मास्तरांनी पट्टे त्या गजानं आखले. म्हणजे त्यांनी खुर्चीतून सांगितलं आणि ठिणगीनं आणि मी आखले. ठिणगी शहरात चौदा पूर्णांक तीनमध्ये धावली. विक्रम मोडला. मी त्या वर्षी शर्यतीत नव्हते. माझा हुरूप गेला होता, पाय काही गेले नव्हते. रेषेवर उभी राहून मी तिची वेळ ओरडून सांगितली. आई बाकांच्या शेवटच्या रांगेत होती.

आता यातलं कुणी फारसं उरलेलं नाही.

हेडमास्तर दोन वर्षांनी बदलून गेले. निवृत्त झाल्यावर त्यांचं आईला एक पत्र आलं होतं, त्यात प्रकृती, हवापाणी आणि शेवटी एक ओळ: मिठाई तुम्हाला द्यायला हवी होती. आईनं ते वाचून वडिलांना दिलं, वडिलांनी मला.

लोहारीण सत्तराव्या वर्षापर्यंत घण मारत होती. भट्टी पुढं बंद पडली. ठिणगी पाच वर्षं धावली, तिला त्यावर शहरात नोकरी लागली, मुलं झाली. आता तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. फोनवर म्हणते, "तू बरी सुटलीस, तुझे घरचेच आहेत."

काका पुढं अकरा वर्षं जगले. आईशी बोलायचं झालं तर मला मधे घालून बोलायचे. "तुझ्या आईला म्हणावं, गाय दावं तोडतेय." आई समोरच असायची. शेवटचे चार महिने ते अंथरुणाला खिळून होते आणि त्यांना उचलून कुशीवर वळवण्याइतकं बळ घरात एकट्या आईच्याच हातांत होतं. त्या दिवसांत वडिलांनी पक्कड आणून मधल्या दाराचे खिळे काढले. मी एकदा पेज घेऊन गेले तेव्हा आई चादर बदलत होती. "भावजी, पाय," ती म्हणाली, आणि काकांनी पाय उचलला. दोघांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं.

वडील एके दिवशी दुपारी झोपले ते उठले नाहीत. आई म्हणाली, छप्पर त्यांच्या उपयोगी पडलं.

आई चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत नदीत पोहली. सूर मात्र परत मारला नाही. आधी काठी घालून तळ बघायची, मग उतरायची. लपवलं तिनं त्यानंतर काहीच नाही. गुडघा धरला तर गुडघा धरला म्हणायची, वर्गात, बाजारात, कुणी विचारो न विचारो. आणि एक सवय लागली. तिच्या खाटेपासून मागच्या दारापर्यंत बरोबर सात मीटर होते, तो गज मांडून तिनं स्वतः मोजले होते. रोज सकाळी उठली की ती मोजायचं पाऊल टाकत दारापर्यंत जायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची. मी लग्न होऊन गेले तेव्हा आठ पावलं होती. माझी मुलं शाळेत जायला लागली तेव्हा नऊ. मग बारा. वडील गेल्यावर मी तिला माझ्याकडं नेणार होते, पण तिला ते दार सोडवेना, म्हणून मीच तिथं राहायला आले. तेव्हा पंधरा.

सांगण्यात तक्रार नसायची. आज थंडी आहे असं म्हणावं तसं म्हणायची. मी चुलीपाशी असायचे, तिथून म्हणायचे, "बरं."

शहाऐंशीव्या वर्षी ती गेली. आदल्या दिवशी सकाळी तिला दारापर्यंत जायला बराच वेळ लागला. दार उघडण्याचा आवाज आला, बाहेरची हवा आत आली.

"एकतीस," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बरं."

तो गज दाराच्या मागं आहे. खाट तिथंच आहे, आता तिच्यावर मी झोपते. माझी आज अकरा झाली.